हरवलेल्या शब्दांचा शोध

आधी एक छोटासा प्रयोग करा. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे बारा महिने भरभर म्हणा. म्हटलेत? आता तेच फाल्गुनापासून उलटे म्हणा. अडखळलात ना? महिने तेच, जीभही तीच. मग अडले कुठे?

सुलटा क्रम आपल्याला पाठ असतो. तो म्हणताना मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत. उलटा म्हणताना मात्र आताच कोणता महिना म्हटला हे ध्यानात ठेवावे लागते, पुढचा शोधावा लागतो आणि ओठांवर येणारा नेहमीचा क्रम थोपवून धरावा लागतो. लक्ष देणे, ध्यानात ठेवणे, विचार करून निवड करणे या शक्तींना मिळून बोधनक्षमता म्हणतात. आपल्या प्रत्येक वाक्यामागे त्या राबत असतात.

आता कल्पना करा. लालबागच्या एका चाळीत एक आजोबा राहतात. तरुणपणी ते कापडगिरणीत साचेखात्यात होते. एके सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द फुटेना. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. म्हणून रक्तपुरवठा थांबला की तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.

उजवा हात आणि वाचा एकदमच का गेली? शरीराच्या उजव्या बाजूवर मेंदूच्या डाव्या अर्धगोलाचा ताबा असतो आणि बहुतेकांच्या भाषेची केंद्रेही त्याच बाजूला असतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने, बहुतेक वेळा केवळ ‘टॅन’ एवढेच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. १८७४ साली कार्ल वेर्निके याने आणखी एका भागाकडे लक्ष वेधले. तेथे इजा झाली तर रुग्ण भराभर बोलतो; पण त्या बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट समजत नाही. अशा विकारांना वाचाघात म्हणतात.

आजोबांना पाहून शेजारी हळहळतात, ‘यांचे डोकेच गेले!’ हा मोठा गैरसमज आहे. आजोबा नातवंडांना ओळखतात, विनोदाला हसतात. शब्द त्यांच्या मेंदूतून पुसला गेलेला नाही. त्याच्याकडे जाणारी वाट बंद पडली आहे.

ती वाट मोकळी करण्याचे काम वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. त्या आजोबांपुढे एक सुकी मिरची ठेवतात. नाव आठवत नाही. मग त्या विचारतात, ‘रंग कोणता? चव कशी? मसाल्यात घालतात का? लालबागला कुठे मिळते?’ एकेका उत्तराबरोबर त्या शब्दाचे शेजारी जागे होतात. तरीही अडले तर त्या नुसते ‘मि...’ म्हणतात आणि आजोबांच्या तोंडून ‘मिरची!’ बाहेर पडते. पुढे हे इशारे हळूहळू कमी केले जातात.

पाठ असलेल्या क्रमाचाही उपयोग होतो. ‘भायखळा, चिंचपोकळी, करी रोड...’ असे कोणी सुरू केले की आजोबा पुढचे ‘परळ, दादर’ सहज म्हणून जातात. काही रुग्णांना बोलता येत नाही, पण गाता येते. याच अनुभवावर १९७३ साली अमेरिकेत एक पद्धत मांडली गेली. ‘पाणी द्या’ यासारखे शब्द सुरात, डाव्या हाताने ठेका धरून म्हणायचे आणि मग सूर हळूहळू काढून घ्यायचा.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अडचण वेगळी. नवी गोष्ट त्याच्या ध्यानात राहत नाही. त्याला एकच उपयुक्त माहिती देतात, उदाहरणार्थ ‘चष्मा खणात आहे’, आणि तीच १ मिनिटाने, मग २, ४, ८ मिनिटांनी विचारतात. चुकला तर रागवायचे नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचे आणि पुन्हा कमी अंतरावर यायचे. जोडीला फोटो, नावे व दिनक्रम लिहिलेली आठवणींची वही असते. गेलेली शक्ती सरावाने परत मिळवणे आणि न मिळणाऱ्या शक्तीसाठी दुसरी वाट काढून देणे, असे हे दुहेरी काम आहे.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग सुधारणा कशी होते? उरलेल्या पेशी सरावाने नवे जोड बांधतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढेही ती थांबतेच असे नाही.

म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. आपल्या मुंबईतही नायर रुग्णालयात या विषयाचे शिक्षण मिळते. पुढे कोणता व्यवसाय करावा, याचा विचार करताना हा मार्गही ध्यानात असू द्या.

पण तज्ज्ञ आठवड्यातून थोडाच वेळ भेटतात. उरलेला वेळ रुग्ण घरीच असतो. तेव्हा तुम्ही काय कराल? रेडिओ, टीव्ही बंद करा. समोर बसून छोट्या वाक्यांत बोला. ‘चहा हवा की दूध?’ असे विचारा आणि उत्तरासाठी थांबा. त्यांचे वाक्य घाईने पुरे करू नका.

आणि कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर घड्याळ पाहा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘झोपून उठले की बरे वाटेल’ असे म्हणून वाट पाहत बसलो, तर तेवढे शब्द कायमचे हरवू शकतात.