तळ्याकाठची चितार आळी

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. आणि ज्याने मोती तलावाच्या काठी उभे राहून राजवाडा, बाजारपेठ आणि नरेंद्र डोंगराची हिरवी पाठ ही तिन्ही दृष्टीच्या एका फेऱ्यात पाहिली आहेत, त्यास त्या नावाचा निराळा खुलासा करून देण्याचे कारण पडत नाही. या तळ्यापासून फार दूर नाही अशी एक आळी आहे, तिला चितार आळी म्हणतात. गोव्याला जाता-येता उतरणारा पाहुणा तेथून लाकडी आंबे, केळी, सीताफळे, भातुकलीचा एखादा संच आणि रंगीत पाट विकत घेतो व पुढच्या गाडीने निघून जातो. हा जिन्नस ज्या हातांतून उतरतो ते हात कसे तयार होतात, हे मात्र दुकानाच्या दर्शनी भागात दिसत नाही. त्यासाठी आतल्या पडवीपर्यंत जावे लागते, आणि तेथे बसलेल्या चिताऱ्याच्या पोराकडे थोडा वेळ पाहत राहावे लागते.

या पोराला शाळा दोन. एक सरकारी, जिची घंटा वाजते. आणि दुसरी घरची, जिला घंटा नाही आणि सुट्टीही नाही. कोकणात गणपतीच्या मूर्ती घडविण्याच्या जागेलाच ‘गणपतीची शाळा’ म्हणतात, हा शब्दप्रयोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. श्रावण लागला की गावकरी आपापल्या घरचे पाट त्या शाळेत आणून ठेवतात, मातीला आकार येऊ लागतो, आणि ज्या मुलाच्या हाती अद्याप कुंचला द्यावयाचा नसतो, त्याच्याकडे माती मळण्याचे आणि रंगाच्या वाट्या धुण्याचे काम येते. मूर्तीचे डोळे रेखणे हा वडीलधाऱ्याचा मान. तो मिळेपर्यंत मुलाने कित्येक चतुर्थ्या वाट्याच धुवाव्यात, अशी या शाळेची रीत.

लाकूडकामाचेही तसेच. येथील फळे आणि खेळणी प्रामुख्याने पांगाऱ्याच्या लाकडाची. हे झाड फाल्गुनाच्या सुमारास तांबड्या फुलांनी पेटल्यासारखे दिसते, आणि त्याचे लाकूड हलके, मऊ व फिकट असल्यामुळे पटाशीला सहज वश होते. मुलाच्या वाट्याला प्रथम येतो तो पॉलिशपेपर. घासलेल्या आंब्यावरून आजोबा अंगठा फिरवितात आणि एक शब्दही न बोलता तो परत मुलाच्या पुढ्यात ठेवतात. तेवढ्याने मुलास उमगते की देठाजवळ खरखर राहिली आहे. पुढे कातकामावर लाख चढविण्याची पाळी येते: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख पातळ होऊन लाकडाला बिलगते, आणि केवड्याचे पान त्यावर धरले की तिला झळाळी चढते. कांडी किती दाबावी हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही; ते मनगटास कळावे लागते.

परंतु या आळीचा खरा कुलधर्म म्हणजे गंजिफा, हाताने रंगविलेल्या पत्त्यांचा खेळ. शब्द फारसी, ‘गंज’ म्हणजे खजिना. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफाची पाने धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग व ९६ पाने असतात, आणि त्या रंगांची नावे वाचताना एखाद्या सरकारवाड्याचे दफ्तर उलगडत असल्याचा भास होतो: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. यांतील ‘बरात’ म्हणजे खजिन्यावरील रोख्याचा हुकूम. आपल्या पेशवाई कागदांतून तोच शब्द ‘वरात’ होऊन वावरतो. हिंदू रसिकांनी या दरबारात विष्णूचे दहा अवतार आणून बसविले आणि दशावतारी गंजिफा सिद्ध झाला. सावंतवाडीत ही विद्या तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या आश्रयाने रुजली असे परंपरा सांगते. दरबारासाठी नक्षीदार काठाची पाने निघत, तर सामान्य गिऱ्हाइकासाठी साधी. त्यांस अनुक्रमे दरबारी आणि बाजारी म्हणत.

दशावतारी संचात पाने १२०, सारी वाटोळी. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजा-प्रधान रंगविणे हे जाणत्याचे काम. शिकाऊ पोराच्या हाती येतात ती चिन्हांची पाने. येथे थोडे गणित करून पाहावे. एक ते दहा यांची बेरीज ५५. म्हणजे मत्स्याच्या रंगात ५५ मासे, कूर्माच्या रंगात ५५ कासवे, परशुरामाच्या रंगात ५५ परशू, आणि दहा रंगांत मिळून ५५० चिन्हे. सातव्या पानावर आठवा मासा उमटला की पान बाद, आणि त्यासोबत त्या पानाच्या पोटातील सारी मेहनतही बाद. कारण पान काही आयते मिळत नाही. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, त्यावर खडूचा हात द्यावयाचा, तो वाळला की घोटून गुळगुळीत करावयाचा, मग रंगाची जमीन, मग चिन्हे, आणि शेवटी लाखेचे लुकण. चिंचोके भाजून, कुटून, शिजविल्यावर खळीला जो उग्र वास सुटतो, तो चिताऱ्याच्या मुलाला ताज्या भाताच्या वासाइतका परिचयाचा असतो.

आणि याच कामातून खेळाचे नियम नकळत त्याच्या अंगी मुरतात. गंजिफात निम्म्या रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. उरलेल्या निम्म्या रंगांत नेमके उलट, एक्का श्रेष्ठ आणि दश्शी कनिष्ठ.

“आजा, ह्येच्यात मोठो कोण, एक्को की दश्शी?”

“राम हा मां तो? मगे एक्को.”

एवढ्या संवादात जो धडा होतो, त्याला पाटी-पेन्सिलची गरज पडत नाही.

छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड घरोघरी पोचला, संस्थानी आश्रय आटला, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तर फर्माईश करणारा दरबारच उरला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफा जाणणारे म्हणून पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीर काय ते शिल्लक होते. त्या वेळी सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना राजवाड्यात पाचारण केले, स्वतः त्यांच्यापाशी बसून विद्या घेतली, आणि १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच नव्या मुलामुलींसाठी कारखाना मांडला. जेथे पूर्वी मानकऱ्यांच्या बैठकी असत, तेथे चटईवर मांडी घालून बसलेले कारागीर मत्स्य-कूर्म रंगवू लागले. आता गंजिफा आणि येथील लाकडी खेळणी या दोहोंना भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

हे सर्व इष्टच झाले. तथापि चितार आळीतील पोराच्या बाजूने पाहिले तर एक प्रश्न उरतो. त्याच्या हातचे पान आज चौकटीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर जाते, किंवा रंगीत पेटीत बंद होऊन भेटवस्तू म्हणून कपाटात पडते. गिऱ्हाईक रंगांची तारीफ करते, किंमत देते. पण सातव्या पानावर मासे सातच आहेत की आठ, हे मोजून पाहत नाही. ज्या चुकीपायी आजोबांनी पान बाद केले असते, ती चूक आता कोणाच्याच डावात आडवी येत नाही. आणि चूक अडत नाही तेथे अचूकपणाची शिस्त किती पिढ्या टिकेल? शेजारच्या गोव्यातील नोकरीचा पगार महिन्याच्या महिन्याला हाती येतो, हे त्या पोरालाही दिसत असते. त्याने पडवीतच बसावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या हाती एवढेच की, त्याच्या कामाला केवळ पाहणारा नव्हे तर वापरणारा धनी मिळवून द्यावा. गंजिफा हा खेळ आहे, आणि जो खेळतो तोच पानाचा खरा परीक्षक.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, सावंतवाडीस जाल तेव्हा संच अवश्य घ्यावा, परवडेल तो बाजारी घ्यावा, पण घरी आल्यावर तो भिंतीवर टांगू नये. भिडू तीनच लागतात. प्रत्येकास ४० पाने येतात. डाव दिवसा मांडला तर पहिली उतारी रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची.