देवळाचा सातबारा



ऊसनोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो. जुन्या दगडी देवळाची चौकशी केली की उत्तर ठरलेले : "पांडवांनी एका रात्रीत बांधलं," नाहीतर "हेमाडपंती आहे." अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दलही लोक हेच सांगत आले.

ठाण्याच्या कोलशेतवरून उल्हास नदी खाडीकडे जाते. तिला कल्याणजवळ मिळणाऱ्या वालधुनीच्या काठी हे देऊळ आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. यादवांचा मंत्री हेमाडपंत तेराव्या शतकातला. म्हणजे देऊळ त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे! गाभारा खोलात असून पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

हे साल कळले ते दगडावरच्या अक्षरांमुळे. त्यावर चुना नाहीतर ऑइलपेंट चढला असता तर पांडवांचीच गोष्ट उरली असती.

उसाचे बिल हाती आले की गावात वर्गणी निघते, जीर्णोद्धार ठरतो. काम जरूर करा. पण रंग, सिमेंट, फरशी लावण्याआधी भिंती, खांब, चौकटी नीट पाहा. अक्षरे दिसली तर तारेच्या ब्रशने घासू नका. फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.

शिलालेख हा देवळाचा सातबारा आहे. आपल्या जमिनीचा उतारा आपण जसा जपतो, तसा हाही जपू या.

— ऊसविकास अधिकारी