फाट्यापासून गेटपर्यंत

सकाळी पावणेसातला खराडी बायपासवर आमच्या कंपनीची बस येते. सहा सत्तेचाळीसला पोचलात तर फक्त तिचा धूर दिसतो! नगर रोडवर नोकरी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी हा धूर खाल्ला असेल. गेल्या मे महिन्यात एकदा मीही खाल्ला. मग एसटी पकडली. वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूरचा चौक असं करत रांजणगाव आलं, महागणपतीला खिडकीतूनच हात जोडले आणि एमआयडीसीच्या फाट्यावर उतरले.

इथपर्यंत सगळं ठीक. फाट्यापासून आमचं गेट अडीच किलोमीटर आत. रिक्षा नाही, शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ऊन तर विचारूच नका. निघाले चालत. बघते तर पुढे-मागे हातात डबे घेतलेली पन्नासेक माणसं चालतायत. कारेगावात खोली करून राहणारी कॉन्ट्रॅक्टवरची मुलं, नुकत्याच आयटीआय झालेल्या मुली. ही मंडळी रोजच चालतात. एसी बस फक्त आम्हा 'स्टाफ'ला, ही गोष्ट चार वर्षं नोकरी करून मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली.

गेटवर पंच करेपर्यंत डोक्यात बिझनेस तयार होता. भाड्याच्या सायकली! फाट्यावर उचला, गेटवर लावा. पाच रुपये.

रात्री भावाला सांगितलं. तो एकदम फॉर्मात. त्याने आणि मी मिळून साडेचार लाख साठवलेत, वाघोलीतल्या वन बीएचकेच्या बुकिंगसाठी. ते पैसे इकडे वळवायचे का, यावर चर्चा सुरू झाली आणि पोळ्या लाटता लाटता आईने विकेट काढली. म्हणाली, "भाड्याने सायकली आमच्या गल्लीतला दुकानदारपण द्यायचा. तासाच्या हिशेबाने. त्याला कुठे लागला फ्लॅट?"

आता गंमत बघा. सगळे या बिझनेसचा इतिहास अ‍ॅमस्टरडॅमपासून सांगतात. तिथे १९६५ साली प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. कोणीही घ्या, कुठेही ठेवा. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण बिनकुलपाची सायकल म्हणजे चोराला आमंत्रण! १९९५ मध्ये कोपनहेगनने शहाणपणा करून नाणं टाकल्यावर सुटणारी सायकल आणली. नाणं टाकणारा कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. २००७ च्या जुलैमध्ये पॅरिसने दहा हजार सायकली घेऊन 'वेलिब' सुरू केलं, तेव्हा जग खुळावलं. पण तिथेही पहिल्या दीड-दोन वर्षांत आठेक हजार सायकली चोरीला गेल्या. आणि तो सगळा कारभार सायकलींच्या भाड्यावर उभा नव्हताच. चालवणाऱ्या कंपनीला बदल्यात शहरातल्या होर्डिंगचे हक्क मिळाले होते.

आईच्या गल्लीतल्या दुकानदाराकडे ना होर्डिंग होतं, ना क्रेडिट कार्डवरचं डिपॉझिट. तू कोणाचा मुलगा, एवढं त्याला माहीत होतं. सायकल परत नाही आली तर तो संध्याकाळी तुमच्या दारात उभा! अख्ख्या धंद्याची सिक्युरिटी ती एवढीच. मला विचाराल तर फंडा इथेच आहे, आणि पुण्यात नेमका तोच सुटला.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात झूमकारची 'पेडल' विद्यापीठात आणि औंधात सुरू झाली. २०१८ उजाडलं तशी चीनची 'ओफो' आली, मग 'मोबाइक', मग बंगळुरूची 'युलू'. पिवळ्या, केशरी, निळ्या सायकली! मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आम्ही जाम खूश होतो. कोड स्कॅन करा, खटॅक आवाज येतो, निघा. स्टँड नाही की पावती नाही. पण कुठेही ठेवायची सोय म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही. काही महिन्यांतच सीट गायब झालेल्या, कोड खरवडलेल्या, सोसायटीच्या जिन्याखाली स्वतःचं कुलूप लावून ठेवलेल्या सायकली दिसायला लागल्या. २०१८ च्या मध्यावरच ओफोने भारत सोडला. २०१९ मध्ये मोबाइकने गाशा गुंडाळला. पेडलही टिकली नाही.

दोष सगळा पुणेकरांच्या माथी मारायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. ओफोची सुरुवात २०१४ मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठाच्या कॅम्पसवर झाली होती. भिंतीच्या आत, एकमेकांना ओळखणाऱ्या पोरांमध्ये ती चाललीसुद्धा. मग गुंतवणूकदारांचा पैसा आला आणि कॅम्पसचं गणित अख्ख्या जगाला लावलं गेलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये चीनमध्ये डिपॉझिट परत मागणाऱ्यांची यादी एक कोटीच्या वर गेली होती! आपल्याकडे २०१० मध्येच मुलुंडमध्ये काही तरुणांनी 'सायकल चलाओ' सुरू केलं होतं. मुलुंड स्टेशन ते केळकर-वझे कॉलेज, बस्स. काही वर्षांत तेही बंद पडलं, पण एक स्टेशन, एक कॉलेज आणि रोजची तीच पोरं, ही कल्पना मला त्या रंगीबेरंगी लाटेपेक्षा जास्त शहाणी वाटते. म्हैसूरनेही २०१७ मध्ये ४५० सायकलींची 'ट्रिन ट्रिन' आणताना सायकल ठरलेल्या स्टँडवरच लावायची अट ठेवली.

मग आमचा हिशेब. रविवारी जुनी डायरी घेऊन बसलो. बरी, दणकट, बिनगिअरची सायकल कुलपासकट आठ हजार धरली. फेरीला पाच रुपये. दिवसाला चार फेऱ्या म्हणजे वीस रुपये, पंचवीस दिवसांचे पाचशे. म्हणजे सायकलचे नुसते पैसे निघायला सोळा महिने! यात पंक्चर नाही, ब्रेक नाही, सायकली सांभाळणाऱ्या मुलाचा पगार नाही. भाऊ म्हणाला, मग दिवसाला आठ फेऱ्या करू. इथे माझ्यातली क्वालिटी इंजिनिअर जागी झाली. सकाळी शिफ्टच्या वेळी सगळ्या सायकली फाट्यावरून आत जाणार. बाहेर कोण आणणार? आत पन्नास सायकली पडून आणि फाट्यावर माणसं तशीच उभी. मग टेम्पो लावा, सायकली भरा, फाट्यावर ओता. त्याचं डिझेल, त्याचा ड्रायव्हर. म्हणजे सायकलींचा धंदा करायला निघालो आणि हिशेबात सगळ्यात जाड आकडा टेम्पोचा! मोठमोठ्या शहरांतही ही ओझी वाहणारी गाडी नफा खाते. युलूने पुढे इलेक्ट्रिक गाड्यांवर आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांवर भर दिला, त्याचं कारणही मला इथेच दिसतं. तो मुलगा गाडी दिवसभर जवळ ठेवतो, भाडं दिवसभराचं देतो आणि टेम्पो लागत नाही.

वही मिटली. फ्लॅट बुक करायचं ठरलं.

पण डोक्यातला किडा जाईना. शिफ्टचं वेळापत्रक समोर घेतलं तर एक गोष्ट लक्षात आली. पहिली शिफ्ट आत येते त्याच वेळी रात्रीची बाहेर पडते. दुपारी दोनला, रात्री दहालाही तेच. आत गेलेली सायकल अर्ध्या तासात दुसरा माणूस बाहेर आणू शकतो. टेम्पोचं काम शिफ्टच करेल! अर्थात दोन्ही शिफ्टला सारखी माणसं असतील तरच. आमच्याकडे रात्रीची माणसं कमी असतात, म्हणजे सकाळी थोड्या सायकली आत उरणारच.

बघू तरी, म्हणून जुन्या बाजारातून सहा सायकली आणल्या. फाट्यावरच्या चहावाल्याने टपरीमागची जागा दिली, महिन्याच्या भाड्यावर. गेटवर सिक्युरिटीच्या काकांनी साखळी ओवायला एक पाइप दाखवला. अ‍ॅप वगैरे काही नाही. एक रजिस्टर, त्यात नाव, गेटपासचा नंबर आणि वेळ.

तीन आठवड्यांत दोन पंक्चर, एक चेन तुटली. एक सायकल दोन दिवस आलीच नाही. भाऊ म्हणाला, झालं, पुणे पॅटर्न! पण रजिस्टरमध्ये नाव होतं. त्या मुलाच्या खोलीवर गेले तर सायकल दारात, धुऊन पुसून ठेवलेली. रूम पार्टनरला ताप होता, त्याला कॅरियरवर बसवून दवाखान्यात नेत होता. दोन दिवसांचे पैसे त्याने मोजून हातात ठेवले. मी परत करायला लागले तर रागावला.

रात्री दहाला सुटणाऱ्या मुलींनी मात्र आमची सोय पार बदलून टाकली. त्या एकेकटी सायकल घेतच नव्हत्या. चौघी मिळून निघायच्या, आणि चार सायकली उरल्या नसतील तर चौघीही चालायच्या. अंधार, ट्रेलरची वर्दळ... बरोबरच होतं त्यांचं. आता रात्रीच्या शिफ्टला चार सायकली त्यांच्यासाठी राखून ठेवतो आणि चारही सायकलींना डायनॅमोचे दिवे बसवलेत. हे आमच्या डायरीत कुठेच नव्हतं.

पैसे रायडरने फेरीला द्यायचे नाहीत, कंपनीने महिन्याला द्यायचे, हे आता आम्हाला पटलंय. प्रपोजल घेऊन एचआरला भेटले. साहेब खूश! सायकली हिरव्या रंगवू, कंपनीचा लोगो लावू, फोटो काढू. "पण ही सोय स्टाफसाठी," ते म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टच्या मुलांचा खर्च आमच्याकडे येत नाही." मी म्हटलं, सर, स्टाफला बस आहे. ते म्हणाले, आतल्या आत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायला बरं पडेल.

वीस सायकलींचं पक्कं काम, महिन्याला चेक. भावाचं म्हणणं, घे ते, त्यातून फाट्याचं चालव. मला भीती वाटते की एकदा चेक सुरू झाला की फाट्याकडे बघायला कोणालाच वेळ उरणार नाही, मलासुद्धा.

सोमवारी दोन लेबर कॉन्ट्रॅक्टरना भेटायचंय. उशिरा येणाऱ्यांची हजेरी कापण्यात त्यांचाही वेळ जातो, तिथून बोलणं सुरू करणार आहे. बुकिंगची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. काल आईला विचारलं, काय करू? ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हवा भरायचे पंप दोन घे. एक फाट्यावर, एक गेटवर."