मिडकॅप म्हणजे नेमके काय?

वणी परिसरातील कोळसा खाणीतून कामगार निवृत्त झाला, की ग्रॅच्युइटी हाती पडण्याआधीच एखादा एजंट दारात उभा राहतो. "मिडकॅप इंडेक्समध्ये टाका, वाढत्या कंपन्या आहेत," असे सांगतो. सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी, विशेषतः माताभगिनींनी, या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

शाळेत मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात, तशाच बाजारात कंपन्यांची रांग लागते. एकूण शेअर गुणिले एका शेअरचा भाव, ही कंपनीची उंची. सेबीने 2017 मध्ये म्युच्युअल फंडांसाठी ठरवून दिले की पहिल्या 100 कंपन्या मोठ्या, 101 ते 250 मधल्या, पुढच्या सगळ्या लहान. 'निफ्टी मिडकॅप 150' हा निर्देशांक अशाच मधल्या 150 कंपन्यांचा आहे. 1 एप्रिल 2005 चे मूल्य 1000 धरून तो मोजतात. ज्या कंपनीचे बाजारात मोकळे असलेले शेअर जास्त किमतीचे, तिच्या चढउताराने आकडा जास्त हलतो. मालकांनी स्वतःकडे राखलेले शेअर यात धरत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलेच पाहा. वणीच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, ती कंपनी कोल इंडियाची, आणि कोल इंडिया मोठ्यांच्या रांगेत. मुकुटबनचा सिमेंट कारखाना बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा. कारखाना केवढा दिसतो, पण बाजाराच्या मापाने ही कंपनी लहानांत मोडते! किती हातांना काम मिळाले, मजुरी वेळेवर झाली का, हे ही रांग विचारत नाही.

वर्षातून दोनदा रांग नव्याने लावतात. घसरलेल्या कंपन्या खाली जातात, फार वाढलेल्या वरच्या रांगेत जातात, त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. इंडेक्स फंडालाही तशीच खरेदी-विक्री करावी लागते. बाहेर पडेपर्यंतचा तोटा मात्र पैसे घालणाऱ्यांनी सोसलेला असतो.

तो किती असू शकतो? 2008 या एका वर्षात सेन्सेक्स निम्म्याहून अधिक पडला. मुंबई शेअर बाजाराचाच मिडकॅप निर्देशांक सुमारे दोन तृतीयांश पडला, म्हणजे लाखाचे तेहतीस हजार. जुनी पातळी गाठायला 2014 साल उजाडले. ज्या घरात 2010 मध्ये मुलीची कॉलेजची फी भरायची होती, त्या घराला तोवर थांबणे शक्य नव्हते. एजंट पुन्हा आला, की त्याला या सहा वर्षांबद्दल जरूर विचारावे.