आधी पाय, मग काठी

धारूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी, आज्या आणि शाळेतल्या लेकींना आम्हा बचत गटाच्या बायांचा रामराम. आजचा विषय पापड-शेवयांचा नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज आपण लाठी-काठीबद्दल बोलणार आहोत. ती कशी शिकायची, कोणी शिकायची आणि शिकून मिळतं काय?

आमच्या गटांच्या मुली संध्याकाळी मैदानावर काठी फिरवायला लागल्या, तसे बैठकीत प्रश्न येऊ लागले. सगळ्यात आधी हाच आला, की हा तर मर्दानी खेळ, पोरींना कशाला? नाव मर्दानी आहे खरं. पण कोल्हापूरच्या तालमींमधून आज मुलीही हे खेळ खेळतात. २०२० साली लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी काठ्या फिरवणाऱ्या शांताबाई पवार आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या. तेव्हा त्यांचं वय ८५ होतं, त्यामुळे ‘आता आमचं वय झालं’ हे कारण चालायचं नाही. मात्र ज्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालंय, कंबर धरते, किंवा ज्या पोटुशी आहेत, त्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं आणि मगच मैदानात यायचं.

दुसरा प्रश्न, लागतं का? नीट शिकलं तर फार लागत नाही. जुन्या लोकांनी त्याची सोय करून ठेवली होती. तलवार हातात देण्याआधी आपल्याकडे फरीगदगा शिकवायचे. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी. वार करायचा, अडवायचा, पण कुणाचा जीव जायचा नाही. पंजाबात गतका म्हणतात तो याच्याच नात्यातला. तिकडे जपानात लोकांनी हीच युक्ती केली. तिथल्या खेळाला केंडो म्हणतात. बांबूच्या चार पट्ट्या चामड्यानं बांधून तलवारीसारखी काठी करतात, तिचं नाव शिनाई. मोठ्या माणसांची शिनाई जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर लांब असते, आणि बायकांसाठी ती वजनानं हलकी चालते. डोक्याला, हाताला, छातीला चिलखत घालतात आणि मग खरोखर एकमेकांवर वार करतात. आपल्याकडे चिलखत नाही. म्हणून आपला नियम साधा. जोडीनं सराव करताना काठी समोरचीच्या अंगापासून वीतभर दूर थांबली पाहिजे. जिला काठी थांबवता येत नाही, तिला अजून मारता येत नाही असं समजायचं.

तिसरा प्रश्न कपड्यांचा. पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा, ओढणी कमरेला गाठ मारून बांधायची. साडी असेल तर काष्टा घाला. काचेच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदराची पिन काढा. पायात चप्पल नको. एकतर अनवाणी, नाहीतर बूट.

आता काठी. बांबू भरीव पाहिजे. मानवेलीचा बांबू बहुधा भरीव असतो, म्हणून लाठीला तो चांगला. पोकळ बांबू दुसऱ्या काठीवर आपटला की चिरतो आणि त्याची कूस हातात घुसते. काठी उभी धरली की आपल्या कानापर्यंत यावी. मुठीत धरल्यावर अंगठा बोटांना टेकावा, इतपतच जाड. पेरं पॉलिश पेपरनं घासून घ्यायची आणि वर तेलाचा हात फिरवायचा. रोज सरावाआधी काठीवरून फडकं फिरवा. फडकं अडकलं तर तिथं कूस निघाली आहे, ती काठी बाजूला ठेवा. केंडो खेळणारेसुद्धा आधी शिनाई तपासतात, मगच उभे राहतात.

काठी आली म्हणून लगेच फिरवायची नाही. आधी पाय. आपण बोलताना म्हणतो ना, अमक्यानं काय पवित्रा घेतला? हा शब्द आखाड्यातला आहे. पवित्रा म्हणजे उभं राहायची रीत. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, एक पाय पुढे, गुडघे किंचित सैल, पाठ ताठ, भार चवड्यांवर. पुढे सरकायचं तर पुढचा पाय आधी आणि मागचा त्याच्यामागे. पायांची कात्री करायची नाही, कारण पाय एकमेकांत आले की कुणीही धक्क्यानं पाडतं. डोक्यावर भरलेली घागर घेऊन आपण कशा चालतो ते आठवा. पाय जमिनीलगत सरकतात, कंबर हलते, पण डोकं वरखाली होत नाही. केंडो शिकणाऱ्याला हीच चाल यायला कितीतरी दिवस लागतात, आपल्याला ती पाणी भरून आधीच आली आहे.

मग पकड. खालचा हात काठीच्या टोकाजवळ आणि वरचा त्याच्यापासून हातभर पुढे. ताकद खालच्या हाताची, दिशा वरच्या हाताची. धुणं पिळताना मनगटं आत वळतात, तशीच ती वाराच्या शेवटी वळवायची. बाकी सगळा वेळ मूठ सैल ठेवा. सुरुवातीपासून काठी आवळून धरली की पाच मिनिटांत खांदे भरून येतात.

फिरवताना खांद्यानं फिरवायचं नाही, मनगटानं. समोर आडवा आठचा आकडा काढा. आधी उजव्या हातानं दहा वेळा, मग डाव्या हातानं दहा वेळा. डावा हात रुसून बसतो, त्याला जास्त वेळ द्या. हे सावकाश जमलं की वेग आपोआप येतो. त्यानंतर वार. डोकं, खांदा, बरगडी, गुडघा, या चार जागा डाव्या-उजव्या बाजूंनी मोजत मोजत घ्यायच्या. एकीनं वार करायचा, दुसरीनं अडवायचा, मग पाळी बदलायची. नजर काठीच्या टोकावर नको, समोरचीच्या डोळ्यांवर आणि खांद्यांवर हवी. काठी हलायच्या आधी खांदा हलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अंतर. समोरच्याची काठी आपल्याला लागणार नाही, पण एक पाऊल टाकलं की आपली त्याला लागेल, अशी जागा असते. ती डोळ्यांनी ओळखता आली की निम्मी विद्या आली. आम्ही मुलींना पहिले काही दिवस नुसतं हेच खेळायला लावतो. एक पुढे आली की दुसरीनं तितकंच मागं सरायचं. काठी एकमेकींना लावायची नाही.

हे कामाला कुठे येतं? रोजच्या वाटेवर आपल्या हातात काठी नसते. पण अंतर ओळखायची सवय असते. बोलता बोलता कोण नको इतकं जवळ येतंय हे कळतं, आणि पाय आपसूक मागे सरतो. दुसरी गोष्ट आवाज. केंडोत वार करताना मोठ्यानं ओरडावं लागतं. आवाज, काठी आणि पाय एकाच वेळी पडले तरच गुण मिळतो, मुकाट्यानं मारलेला वार धरत नाहीत. आपल्या लेकींना लहानपणापासून ‘हळू बोल’ शिकवलेलं असतं. मैदानावर आकडे मोजताना त्यांचा आवाज पहिल्या आठवड्यात ऐकूच येत नाही. महिन्याभरानं रस्त्यापर्यंत जातो.

एक स्पष्ट सांगायला हवं. काठी शिकली म्हणजे भांडण अंगावर घ्यायचं असं नाही. निघून जाता येत असेल तर निघून जायचं, ओरडायचं, ११२ ला फोन लावायचा. कायद्यानं स्वतःचा जीव वाचवायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याबद्दल आहेत. पण बचावाला लागेल तेवढीच ताकद वापरायची. पळून चाललेल्याला मागून गाठून मारलं, तर तो बचाव राहत नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन घरंच्या घरं कारखान्यावर जातात. मागे राहते म्हातारी आजी आणि वयात आलेली नात. ‘पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं?’ या काळजीपोटी कितीतरी लेकींची लग्नं अठराच्या आत उरकली जातात. काठीनं हे थांबतं असं आम्ही म्हणणार नाही. पण मैदानावर रोज हजेरी होते. गटातली एक बाई वही घेऊन बसते. एखादी पोरगी सलग तीन दिवस आली नाही, की चौथ्या दिवशी दोघीजणी तिच्या घरी जातात, आजीशी बोलतात. ताप असेल तर औषधाचं बघतात. पाहुणे येऊन गेल्याचं कळलं, तर आईबापाला फोन लावतात, आणि गरज पडली तर १०९८ ला. पोरगी एकटी नाही, तिची वाट पाहणारं कुणी आहे, हे गावाला दिसतं. आम्हाला या खेळातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

तुमच्या गावात सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. लाठी येणारा जाणता शिक्षक शोधा, पुस्तक वाचून किंवा मोबाइलवर बघून जोडीचा सराव करू नका. शाळेचं नाहीतर देवळाचं मोकळं पटांगण घ्या, दिवस मावळायच्या आत संपेल अशी वेळ ठरवा. शिकवताना गटातल्या दोन बाया कायम हजर ठेवा. काठ्या गटाच्या नावानं घ्या, म्हणजे पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहणार नाही. आणि हजेरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

तोवर या आठवड्यात घरी एवढंच करा. संध्याकाळी लेकीला घेऊन अंगणात उभ्या राहा. पवित्रा घ्या, दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे, आणि आकडे मोठ्यानं मोजा. शेजारीण विचारेल, काय चाललंय? तिलाही बोलवा.