कोरडी माती, पाण्यातला धान

1966 साली फिलिपिन्समधून आयआर-8 हा बुटका धान बाहेर पडला. त्याच वर्षी पंतनगरला डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी तराईतल्या धानावरच्या ‘खैरा’ रोगाचे मूळ जस्ताच्या उणिवेत असल्याचे दाखवले. नेने वनस्पतिरोगांचे अभ्यासक. रोगजंतू हुडकणाऱ्याच्या हाती जमिनीची भूक लागावी, ही मला त्या शोधातली खरी गंमत वाटते.

पुढच्याच वर्षी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची सूक्ष्म अन्नद्रव्यांची देशव्यापी योजना सुरू झाली. पण मातीतले एकूण जस्त मोजून उपयोग नव्हता. मुळांना त्यातले मिळते किती, हे कळायला हवे होते. 1978 मध्ये कोलोरॅडोच्या लिंडसे आणि नॉर्वेल यांनी त्यासाठी डीटीपीए पद्धत मांडली. दहा ग्रॅम माती, वीस मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवायचे, गाळायचे, यंत्रावर मोजायचे. आपल्याकडे किलोमागे 0.6 मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की जमीन जस्ताला उणी ठरते आणि हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेटची शिफारस होते.

आता गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडाच्या पायथ्याशी या. उतारावर मुरमाड बरडी, खाली पाणी धरणाऱ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे. डीटीपीए पद्धत घडली ती उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी, आणि मोजते ती वाळवलेली माती. धान मात्र रोवणीपासून पाण्यात उभा. पाणी साचले की आम्ल मातीचा सामू वर चढतो, हवा तुटते, जस्त अडकून बसते. म्हणून कागदावर 0.7 आलेल्या बांधीतही रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके दिसू शकतात. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने डीटीपीएसाठी मर्यादा 0.8 धरली, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चाचणीसाठी वेगळी. ती सावधगिरी मला पटते.

2015 मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली आणि जस्त घरोघरच्या कागदावर चढले. योजना मोठी, पण कोरडवाहूसाठी दहा हेक्टरांच्या चौकटीत एक नमुना! इथे दहा हेक्टरांत वरची बरडी आणि खालची खोलगट बांधी दोन्ही येतात. त्यांची सरासरी कुणाच्याच शेताची नसते. त्यात नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा केला, तर बादलीचेच जस्त मोजले जाते. प्रयोगशाळेचा त्यात काय दोष?

चाचणी टाकाऊ नाही. ती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी माहिती शेतकऱ्याकडे असते. तेव्हा यंदा कापणीनंतर माती द्याल, तर प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करा, वरच्या बरडीची आणि खालच्या बांधीची माती वेगळी ठेवा, आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर त्या बांधीत पाणी किती दिवस उभे राहते तेही लिहा.