दूध फाटतं, सोनं मोजतं

उकळत्या दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं. फडक्यात पांढरा चोथा उरतो, खाली हिरवट निवळी गळते. चोथ्यात मुख्यतः केसीन, निवळीत व्हे प्रथिनं. गाईच्या दुधात त्यांचं प्रमाण साधारण ८०:२०.

पण बाळाच्या दूधभुकटीत नेमकं कोणतं प्रथिन किती, हे कसं कळणार? त्यासाठी जैवसंवेदक. काचेवर सोन्याचा केसाहून कितीतरी पातळ थर, त्यावर प्रतिपिंडं बसवलेली. प्रतिपिंड म्हणजे एकाच किल्लीचं कुलूप. पातळ केलेला नमुना वरून वाहिला की ठरावीक प्रथिनच तिथे अडकतं. काचेखालून सोन्यावर प्रकाश पडत असतो. परतणाऱ्या प्रकाशात एक अंधारी रेघ दिसते; प्रथिनं चिकटली की ती जराशी सरकते. ती जितकी सरकेल, तितकं प्रथिन जास्त!